बेचाळीस पोती नागली

मंगळवार, २० फेब्रुवारी २००१

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, मुंबईच्या बंदरातल्या गोदामात, तपासणीला आलेल्या निरीक्षकाने आमच्या तिसऱ्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि निरगुडीचं एक वाळकं पान बाहेर काढलं. घड्याळ मी मुद्दाम पाहिलं. तीस वर्षं जव्हारच्या तहसील कचेरीत काढली आहेत. वेळ लिहून ठेवली नाही तर पुढे कुणी मानत नाही.

"हे काय, मॅडम?"

"पान."

"ते दिसतंय. धान्यात कशाला?"

मग त्याने चौथं पोतं उघडायला लावलं, मग नववं, मग सतरावं. प्रत्येकात पानं, आणि पानांच्या बुडाशी चुलीतली राख. माझा चेहरा काय झाला असेल तो असो. निरीक्षक वयाने माझ्या भाचीएवढा. त्याने माझ्याच सहीचा कागद माझ्यापुढे धरला. मालात धान्याखेरीज वनस्पतीचा कोणताही भाग नाही, असं मी लिहून दिलं आहे. खाली मनोरमा चौधरी, सचिव, महिला गट, जामसर. अक्षर सुरेख. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी बोटांवर पट्ट्या मारून दिलेलं वळण आहे ते.

त्याने दाखला नाकारला. पिकाला कीड नाही, रोग नाही असं सरकारने लिहून द्यायचा हा दाखला. गोदामात सगळे त्याला 'फायटो' म्हणतात. तो नाही तर धान्य जहाजावर चढत नाही. आणि एकदा बंदराच्या कुंपणाआत गेलेला माल परवानगीशिवाय बाहेरही येत नाही. म्हणजे एकोणीस घरांची नागली आता ना कोलंबोची, ना जामसरची.

मी त्या मुलाला स्वच्छ इंग्रजीत सुनावलं, की एका पानापायी दोन देशांचा व्यापार अडवणाऱ्या माणसाला निरीक्षक म्हणत नाहीत, अडसर म्हणतात. चार हमाल आणि त्याचा वरिष्ठ ऐकत उभे होते, ते बरंच झालं. आमचा क्लिअरिंग एजंट गौतम मात्र सारखा खोकत होता. त्याला औषध घ्यायला सांगितलं पाहिजे.

ठाण्याला भाचीकडे, निशाकडे, मुक्काम.

बुधवार, २१ फेब्रुवारी

एसटीत बसल्या बसल्या लिहिते आहे, म्हणून अक्षर हे असं.

या उद्योगाची सुरुवात डोरीनने केली. नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये तिची खाट माझ्या खाटेशेजारी होती. तिचे वडील तेव्हा मुंबईत चहाच्या कंपनीत होते. नंतर ती माणसं कोलंबोला परतली, आणि आता डोरीनची तिथे पिठाची गिरणी आहे. चाळीस वर्षं आम्ही नाताळला एकमेकींना पत्र टाकतो. गेल्या सप्टेंबरात मात्र मध्येच पत्र आलं, आणि त्यात कागदाच्या घडीत चिमूटभर धान्य. आमच्याकडे याला कुरक्कन म्हणतात, तुमच्या डोंगरात हे होतं का, असं विचारलं होतं. मी ते तळहातावर घेतलं. नागली! शहरात जिला नाचणी म्हणतात ती, आमच्या जव्हार-मोखाड्याची नागली. तिकडे डॉक्टर मधुमेहाच्या रोग्यांना खायला सांगतात म्हणे, आणि डोरीनला पुरत नाही. दोन्ही सरकारांचा करार झाला आहे, जकात उतरली आहे, पाठव तू, असं तिने लिहिलं होतं.

त्या चिमटीला समुद्र ओलांडताना कुणी दाखला विचारला नव्हता, हे आत्ता लिहिताना ध्यानात येतं आहे.

मी पाड्यावर गेले. बायकांना सांगितलं, यंदा बाजारातल्या धान्यवाल्या शेठला घालू नका. खाण्यापुरती घरात ठेवा, बाकीची माझ्याकडे द्या. जव्हारच्या बाजारात शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "चौधरीबाई लंकेला निघाल्या! येताना काय जाळून येतात बघू." लोक हसले. मी म्हटलं, "तुमचा तराजू जाळला तरी पुण्य लागेल." तेही हसले.

आता त्याला काय तोंड दाखवू?

गुरुवार, २२ फेब्रुवारी

जीपने जामसर आणि पुढे चालत पाडा. सुकीच्या अंगणात सगळ्या जमल्या. सुकी गटाची अध्यक्ष, साठीची असेल. मला 'तू' म्हणते. त्यांच्या बोलण्यात अहो-जाहो नाहीच, तहसीलदारालाही नाही. पहिल्या वर्षी मला राग यायचा.

मी विचारलं, "पोत्यात पाला कुणी घातला?"

"आमीच," सुकी म्हणाली. तोंडावर अपराधाचा लवलेश नाही. "पालाबी घातला, राखबी घातली."

"कुणाला विचारून?"

"तूच सांगलंस ना, बाय? आपले लेकीचे घरी धाडता तशी भरा. तशी भरली. निरगुडी नाय घातली तं किडा लागं. बारा दिस बोटीत रेहेल ती."

मागून रुपी म्हणाली, "मी तं दोन खेपा पाला आणला. लेक लांब दिली का पाला जास्त लागतो." बायका हसल्या.

मी हसले नाही. लेकीच्या घरी पाठवता तशी भरा, म्हणजे स्वच्छ भरा, खडे नकोत, माती नको, असा अर्थ होता. शेंबड्या पोरालाही कळला असता. पाला घाला असं मी कधी म्हटलं होतं? पण पाला घालू नका असंही म्हटलं नव्हतं. आणि पोती शिवली तेव्हा मी ओट्यावर बसून यादी लिहीत होते. उठून एकाही पोत्यात पाहिलं नाही. हे इथे लिहून ठेवते. कचेरीत लिहून देणार नाही.

सुकीने मला तीन वेळा एकच विचारलं. "माजी ती दोन पोती माघारी येतील ना?"

तिसऱ्यांदा मला चीड आली. अठरा घरांच्या बायका गप्प बसल्या आहेत आणि अध्यक्षबाईंना आपली दोन पोती! ही तीच दोन पोती. कागदावर बेचाळीस लिहून झाली होती आणि अंगणात चाळीस भरली, तेव्हा सुकी वर माळ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, लपवून ठेवलं असेल ते काढा, एक पोतंही कमी चालणार नाही. मग निघाली की दोन! शेणाने लिंपलेल्या कणगीत, माळ्यावर. या लोकांना सगळं काढून द्यायला जड जातं, हे मी नोकरीतही पाहिलं आहे.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

पुन्हा मुंबई. उपाय साधा आहे. पोती बाहेर काढायची, नागली चाळायची, पाला-राख टाकायची, नव्या पोत्यांत भरून पुन्हा तपासणी करून घ्यायची. पाड्यावरच्या दहा बायका आल्या तर दोन दिवसांचं काम.

बंदरातून माल बाहेर काढायला जी परवानगी लागते तिला 'बॅक टू टाउन' म्हणतात. जकातीच्या साहेबांनी सांगितलं, तपासणी कार्यालयाचं पत्र आणा की माल बाहेर काढायला हरकत नाही. तपासणी कार्यालयात गेले. ते म्हणाले, आधी जकातीचं पत्र आणा की माल बाहेर निघतो आहे, मग आम्ही हरकत नाही म्हणू. दोन इमारतींमधलं अंतर भर उन्हात चार वेळा तोडलं. पाचव्या खेपेला दोन्ही साहेब जेवायला गेले होते.

मी जिन्यात बसले. हा खेळ मला नवा नाही. तलाठ्याचा दाखला आणा, मग उतारा देऊ. उतारा आणा, मग दाखला देऊ. मी हा तीस वर्षं खेळले, फक्त टेबलाच्या पलीकडून. तिकडून तो खेळ वाटतच नाही. नियम वाटतो.

गौतम चहा घेऊन आला. तिशीचा आहे, पण बोलतो आजोबांसारखा.

"मॅडम, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"रागावेन. सांग."

"त्या दिवशी साहेबांना चार हमालांसमोर इंग्लिशमध्ये झापलंत ना, त्याच मिनिटाला आपली फाइल खाली गेली. गोदामातल्या गोदामात पोती चाळून द्यायला लावतात हो ते कधी कधी. मी बोलणारच होतो त्यांच्याशी. खोकून खोकून माझा घसा गेला."

मी म्हटलं, "खरं बोलायला मी कुणाची परवानगी घेत नाही."

"तेच तर," तो म्हणाला, आणि उरलेला चहा स्वतःच प्यायला.

शनिवार, ३ मार्च

डोरीनचा फॅक्स, निशाच्या ऑफिसात आलेला. लिहिते, की तिची आजी मडक्यात कुरक्कन भरताना कडुनिंबाचा पाला घालायची, बुडाशी राख. "तुझ्या बायकांनी काही चूक केलेली नाही, मनो, आमच्याकडेही असंच भरतात. पण दाखल्याशिवाय आमचे लोक पोतं उतरवू देणार नाहीत. माझा आयात परवाना ३१ मार्चला संपतो. लवकर कर."

लवकर कर!

इकडच्या बाईने किड्यासाठी पाला घातला, तिकडच्या बाईची आजी तेच करत होती. मध्ये फक्त समुद्र आहे आणि माझ्यासारखे कारकून आहेत. जकातीची भिंत पाडली म्हणून दोन्हीकडे भाषणं झाली असतील. भिंत पाडली, चौकट तेवढी तशीच ठेवली. आणि चौकटीत खुर्ची टाकून आम्ही.

शुक्रवार, ९ मार्च, होळी

पाड्यावर जायचं नाही असं ठरवलं होतं. तरी गेले. होळीला वीटभट्टीवरची माणसं घरी येतात. सगळा पाडा एकत्र असतो तो हा एकच सण. एका घरी दाभोशाच्या पाहुण्यांकडून नागली उसनी आणलेली पाहिली. घरात ठेवलेली दिवाळीनंतरच्या लग्नात गेली म्हणे. ज्या घरातून मी तीन पोती नेली, ते घर उसनी भाकर खातं आहे.

सुकी माझ्याशी बोलली नाही. पाण्याचा तांब्या दिला आणि आत गेली. तिचा नवरा ढवळू बाहेर बाजेवर बसला होता. त्याला फार बोलताना मी कधी ऐकलेलं नाही. आज आपणहून बोलला.

"बाय, बी माघारी येल का?"

"कसलं बी?"

"माळ्यावरची दोन पोती. ता बी हाय. आमचे आजाचे वखताचा. काळी नागली. दुसरे कोणाकडं नाय ती आथा. पाड्याला सगळ्यांना बी सुकी देते."

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं. एकोणीस घरांचं पेरायचं बी त्या दोन पोत्यांत आहे, आणि ती पोती मी माळ्यावरून उतरवून घेतली, कारण कागदावर बेचाळीस लिहिलं होतं.

मी ओरडलेच. "मग सांगितलं का नाहीत? मुकी होतात सगळी? बी आहे एवढे दोन शब्द बोलता येत नव्हते?"

सुकी दारात येऊन उभी राहिली. "तू कागद दाखवलास. बोललीस, एकबी पोता कमी नको, कमी पडला तं सगळ्यांचा माल अडकंल. मंग मी कसा ठेवू?" आणि मग, जराही आवाज न चढवता, "तुला सांगून काय होतंय, बाय? जंगलातले दळी जमिनीचा अर्ज घेऊन मी आलते तुझे कचेरीत. तीनदा. अंगठा होता, अंगठ्याखाली साक्षीदाराची सही नाय म्हणून तू माघारी धाडलंस. चौथे वखताला आले तं तू बोललीस, तारीख गेली."

"कधी?"

"माजा मधला पोर पोटात होता."

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. त्या वर्षी माझ्या टेबलावरून दोन हजार अर्ज गेले असतील. नियम होता. साक्षीदार लागतोच.

होळी पेटायच्या आत निघाले. जीपवाल्याने विचारलं, "बाई, थांबला नाहीत?" मी म्हटलं, धुराचा त्रास होतो.

सोमवार, १२ मार्च

काळी नागली कुठे मिळते का पाहायला मोखाड्यापर्यंत जाऊन आले. कृषी खात्याच्या दुकानात पाकिटं आहेत, सरकारी वाणाची. मुलाने चांगलं समजावलं, उत्पन्न जास्त येतं वगैरे. खोडाळ्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याने मान हलवली. "ती काळी? ती आथा कोण पेरतंय? उतारावर, खडकात ती एकच येते. जामसरकडं एक बाय हाय, तिच्याकडं बघा."

बुधवार, १४ मार्च

नोटीस आली. जावक क्रमांक आहे, सही वाचता येत नाही. आमच्या मालात वनस्पतीचे अनधिकृत भाग आढळल्याने बुधवार, २८ मार्च रोजी संपूर्ण मालाला विषारी वायूची धुरी देण्यात येईल आणि नंतर तो पशुखाद्य म्हणून निकाली काढला जाईल.

निकाली. हा शब्द मीही हजारदा लिहिला आहे. शेऱ्याच्या रकान्यात. लिहिताना छान वाटायचं, टेबल मोकळं व्हायचं.

गौतमला पोस्टातून फोन केला. विचारलं, धुरी दिलेलं बी उगवतं का?

तो म्हणाला, "मॅडम, मी एक्स्पोर्टचं बघतो. उगवायचं मला कुणी कधी विचारलंच नाही."

शुक्रवार, १६ मार्च

सुकीला घेऊन मुंबईला गेले. तीच म्हणाली, मी येते. माझ्याकडे पास होता, तिच्याकडे नव्हता. फाटकावरच्या शिपायाने तिला आत सोडलं नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि कुंपणाच्या जाळीशी उकिडवी बसली.

"इथून दिसती का?"

गोदामाचं दार उघडं होतं. मी म्हटलं, नाही दिसत. ती म्हणाली, "दिसती. ती डावेकडं, खालची दोन. सुतळी माजी हाय." मला नुसती पोतीच दिसत होती, सगळी सारखी.

निरीक्षक भेटला. मी इंग्रजी बोलले नाही. आवाजही चढवला नाही. त्याला सगळं सांगितलं, बी, माळा, काळी नागली. त्याने ऐकून घेतलं. त्याच्या आईकडेही धान्यात पाला घालतात म्हणाला, मग इकडे तिकडे पाहिलं.

"पण तुमच्या यादीत बी वेगळं दाखवलेलं नाही, मॅडम. बेचाळीस पोती, नागली, खाण्यासाठी, एकच माल. दोन पोती वेगळी लिहिली असती तर मी त्यांची वेगळी तपासणी लावली असती. आता कागदावर ती वेगळी नाहीतच."

"मग मी काय करू?"

"लेखी द्या. तोंडी मी काही करू शकत नाही. लेखी आलं तर मला वर पाठवावंच लागेल."

हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! फरक एवढाच, की तो ते माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला. मी बहुतेक बघूनच म्हणत असे.

बाहेर आले. सुकीने विचारलं, "काय बोलला?"

"अर्ज करायचा आहे."

ती हसली. पहिल्यांदाच, होळीनंतर. "तुझे अर्जाला साक्षीदार मी होईन," म्हणाली.

मला रडू आलं. तिला नाही.

मंगळवार, २० मार्च

बरोबर महिना झाला. शनिवार-रविवार सात वेळा लिहिलं आणि फाडलं. पहिल्या सहांत मी त्यांचे वाभाडे काढले होते. सातवं आज सकाळी दहा वाजून पंधरा मिनिटांनी तपासणी कार्यालयाच्या आवक खिडकीत स्वतः दिलं. स्थळप्रतीवर शिक्का घेतला. शिक्का फिका होता, पुन्हा मारून घेतला. इथे उतरवून ठेवते.

"महोदय,

आपल्या १२ मार्चच्या नोटिशीस हे उत्तर आहे.

पोत्यांत निरगुडीचा पाला आणि राख आहे, हे खरं. महिलांनी ती कीड लागू नये म्हणून घातली. कशी भरायची ते मी सांगितलं होतं आणि भरल्यावर उघडून पाहिलं नाही. मालात पाला नाही या घोषणापत्रावर सही माझी आहे. त्या सहीबद्दल जी कारवाई करायची ती माझ्यावर करावी. मी जव्हारला राहते, पत्ता खाली आहे, कुठेही जाणार नाही.

पोतं क्रमांक ४१ आणि ४२ यांत खाण्याचं धान्य नाही. ते बियाणं आहे. श्रीमती सुकी ढवळू यांच्या घरातलं, तीन पिढ्यांचं, एकोणीस घरांना पुरणारं. त्यांनी ते विकायला दिलेलं नव्हतं. यादीतला आकडा पुरा व्हावा म्हणून ते मी त्यांच्या माळ्यावरून उतरवून घेतलं आणि यादीत खाण्याची नागली म्हणून लिहिलं. ही नोंद चुकीची आहे. मी केलेली आहे. दुरुस्त करावी.

चाळीस पोत्यांचं काय करायचं ते आपले नियम सांगतात. ती चाळून देण्याची परवानगी मिळाली तर आम्ही स्वखर्चाने येऊ. न मिळाली तर तेही सोसू. पण ही दोन पोती धुरीतून वगळावीत आणि परत द्यावीत. धुरी दिल्यावर ती परत केली तर त्याचा उपयोग नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात रोपांसाठी राब पेरायचा असतो. त्या उतारावर दुसरं बी येत नाही, आणि हे बी दुसरीकडे कुठेही मिळत नाही. मी शोधून आले आहे.

अर्जदार श्रीमती सुकी यांचा अंगठा खाली आहे. अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. अर्जात आणखी काही उणं असेल तर तो परत पाठवू नये. मी आपल्या फाटकाबाहेर रोज दहा ते पाच बसलेली असेन, श्रीमती सुकीही असतील. शिपायाकरवी बोलावून घ्यावं, तिथल्या तिथे पुरं करून देऊ.

धुरी २८ तारखेला आहे. २४ आणि २५ ला आपलं कार्यालय बंद, २६ ला पाडवा. म्हणून या दोन पोत्यांविषयी होय किंवा नाही, एवढं एका ओळीचं उत्तर, सहीचं नाव वाचता येईल असं, शुक्रवार, दिनांक २३ मार्च २००१ रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी मला लेखी मिळावं. तोंडी नको. लेखी."